बघून आलो

७ जून २०२३ च्या संध्याकाळी माझ्या दुकानात चार्जिंगला लावलेले नऊ मोबाइल होते आणि एकाही मोबाइलला नेट नव्हतं.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. दहा बाय आठचं, आत एक टेबल, एक हीट गन आणि डिस्प्ले बदलायला आलेल्या पोरांची रांग. त्या दिवशी शटर अर्धं ओढून बसलो होतो. आदल्या दिवशी काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून वातावरण तापलं, ७ तारखेला शिवाजी चौकात तोबा गर्दी झाली, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. मग नेट बंद. एवढं सगळ्यांनी पेपरात वाचलंय, परत उगाळत नाही.

सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. पेठेतल्या मंडळांचा, हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतल्या शहाण्या माणसांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक असते, तिच्या निरोपासाठी केलेला. साठेक माणसं. एरवी त्यावर ‘शुभ सकाळ’ आणि वाढदिवसाचे केक. ज्या दिवशी त्या ग्रुपची खरी गरज होती, त्या दिवशी तो मेला. अफवेला मात्र नेट लागलं नाही. साध्या कॉलवरून, गॅलरीतून, दूध घालायला आलेल्या माणसाच्या तोंडून ती फिरत होती. सात वाजेपर्यंत माझ्याकडे एकाच बातमीच्या तीन आवृत्त्या आल्या: अमक्या गल्लीत एकाला भोसकलं, दोघांना भोसकलं, तिसऱ्या आवृत्तीत तो वारलाच होता.

आमच्या तालमीचे वस्ताद दुकानासमोर उभे होते. मला म्हणाले, “चल, बघून येऊ.” मी म्हटलं, “वस्ताद, आत्ता?” तर म्हणाले, “मग काय उद्या? उद्या पेपरात येतंयच की.”

आम्ही चालत गेलो. पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी तासाची वाटली. गल्लीच्या तोंडाशी एका रिक्षाची काच फुटलेली आणि एक माणूस पायरीवर बसून तळपायातली काच काढत होता. भोसकलं-बिसकलं काही नाही. अनवाणी बाहेर आला होता, काचेवर पाय पडला, रक्त बरंच गेलं होतं. रस्त्यावरचं ते रक्त लांबून कुणीतरी बघितलं असणार.

परत आल्यावर चौकात जमलेल्या पोरांना वस्ताद एवढंच म्हणाले, “बघून आलो. काच लागली हाय पायाला.” आणि पोरं पांगली. एकानंही विचारलं नाही की कशावरून. माझ्या डोक्यात तेव्हापासून हे बसलंय.

पुढच्या रविवारी तालमीत बैठक झाली. तिथं पॉलिटेक्निकचं एक हुशार पोरगं होतं, त्यानं आठवडाभर खपून आणलेलं काम दाखवलं. गुगल फॉर्म: घटना काय, कुठे, किती वाजता, फोटो जोडा. त्यातून एक नकाशा तयार व्हायचा. शहराचा नकाशा आणि त्यावर लाल टिंबं, ‘संवेदनशील ठिकाणं’. प्रोजेक्टर आणला होता त्यानं, भिंतीवरच्या हनुमानाच्या तसबिरीशेजारी नकाशा पडला. आम्ही खूश. मी तर जरा जास्तच, कारण अर्धी टिंबं त्याच्यासोबत बसून मीच भरली होती.

शेजारच्या मोहल्ल्यातले एक चाचा आले होते. टोपी मांडीवर काढून ठेवली, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पोरा, आमची गल्ली एवढी लाल का?”

पोरगं म्हणालं, “चाचा, तिथं दगडफेक झाली ना, म्हणून.”

“दगड पडले तिथं. आले कुठनं, ते कुठं रंगवलंस?”

पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ज्यांची काच फुटली त्यांच्या घरावर लाल खूण, आणि ज्यानं फोडली त्याची गल्ली कोरी पांढरी. शिवाय हा नकाशा उद्या कुणाच्या मोबाइलात गेला, की तो काय म्हणून वापरला जाईल? वस्ताद म्हणाले, “पुसा ते.” पुसलं. पोराचा चेहरा पडला, पण तसाच बसून राहिला तो. आज आमच्यात सर्वांत कामाचा माणूस तोच आहे. फॉर्म तसाही कुणी भरणार नव्हतं. दगड यायला लागल्यावर ‘पर्याय निवडा’ कोण करतंय?

मग जे उरलं ते एक शंभर पानी वही.

वहीत काय लिहायचं यावर मात्र तीन रविवार गेले. पुढारी नकोत, यावर सगळ्यांचं लगेच एकमत. मंडळाचे अध्यक्षसुद्धा नकोत, कारण ते फोन उचलत नाहीत. माणूस असा हवा जो सकाळपासून एकाच जागी बसलेला असतो आणि ज्याला येणाजाणारा ओळखतो. मेडिकलवाला. कोपऱ्यावरचा रिक्षावाला. शाळेचा शिपाई. मशिदीत बांग देणारे. देवळातले गुरव. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभा राहणारा गवळी, तो तर पहाटेच निम्म्या शहराच्या बातम्या घेऊन येतो. बांगड्या भरणाऱ्या कासार मावशी, ज्या कुठल्याही घरात स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतात. अशी चाळीस माणसं. प्रत्येकाचे दोन नंबर, त्यातला एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी. प्रत्येकापुढे चार नावं: निरोप आला की यानं या चौघांना साधा फोन करायचा. नेट असो नसो.

नियम फार नाहीत. काही कानावर आलं तर त्या जागेच्या जवळचा माणूस स्वतः उठून जाणार. जमलं तर दोघं जाणार, दोन्ही समाजांतला एकेक. निघताना एकच शब्द कळवायचा, ‘बघतोय’. आल्यावर ‘बघून आलो’ आणि जे दिसलं ते एका वाक्यात. ‘बघतोय’ आणि ‘बघून आलो’ याच्या मधल्या वेळात कुणीही काहीही पुढे पाठवायचं नाही. हा मधला वेळ माणसाला सहन होत नाही. मला अजूनही होत नाही. हात आपोआप मोबाइलकडे जातो.

व्हॉट्सअ‍ॅप सोडलं नाही. ग्रुप ठेवला, पण ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ हे सेटिंग लावलं. केक बंद झाले म्हणून चार जण बाहेर पडले. अ‍ॅडमिन व्हायला कुणी तयार होईना, कारण ‘कुणी काही टाकलं की अ‍ॅडमिन आत’ असा सगळ्यांचा समज. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, त्याचा स्वतःचा हात किंवा आधीचं संगनमत असलं पाहिजे. आमच्यातल्या एका वकिलानं हे समजावून सांगितलं, तेव्हा तिघं तयार झाले. एक मी.

पहिली मोठी चूक आमचीच झाली. एक व्हिडिओ फिरत होता, रस्त्यावर मारहाण, खाली ‘आजच, आपल्या कोल्हापुरात’. आम्ही फ्रेम थांबवून बघितली. कडेच्या गाडीची नंबर प्लेट एमएच ०९ नव्हतीच, महाराष्ट्राचीही नव्हती. पाठीमागच्या दुकानाची पाटी आपल्या लिपीत नव्हती. मग फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाकला तर तोच व्हिडिओ जुन्या तारखेचा सापडला. आम्ही जोशात त्यावर लाल फुली मारून, ‘खोटं आहे’ लिहून शंभर ठिकाणी पाठवला. दुसऱ्या दिवशी एक पोरगं दुकानात आलं आणि मलाच तो व्हिडिओ दाखवायला लागलं. कुणीतरी फुली कापून टाकली होती. ज्यांना तो मिळाला नव्हता, त्यांच्यापर्यंत आम्ही तो पोचवला होता. तेव्हापासून मूळ क्लिप कधीच पाठवायची नाही, नुसतं शब्दांत सांगायचं.

व्हॉट्सअ‍ॅपनंही काही गोष्टी अशाच ठेचा खाऊन केल्यात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्याच महिन्यात भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. २०२० मध्ये, अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एकावेळी एकाच ठिकाणी. त्या मेसेजवर दोन बाण दिसतात. आता आमच्यात कासार मावशीसुद्धा “दोन बाण हायत का बघ आधी,” म्हणतात.

मावशींचा विषय निघालाच आहे तर त्यांची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात तीच मुलं पळवणारी टोळी आपल्याकडेही आली, म्हणजे ऑडिओ क्लिपमध्ये आली. एक बाई रडत सांगतेय, ‘मी राजारामपुरीतून बोलतेय, माझ्या डोळ्यांदेखत मुलाला गाडीत ओढलं, मी खूप घाबरले, मी ओरडत पळत आले’. आवाज इतका खरा, की माझ्या बायकोनं त्या दिवशी लेकीला शाळेत पाठवलं नाही. आवाजाला नंबर प्लेट नसते. लेन्सवर टाकता येत नाही. राजारामपुरीतल्या आमच्या माणसाला फोन केला, तो ‘बघतोय’ म्हणून निघाला.

तेवढ्यात मावशी दुकानात आल्या. त्यांना क्लिप ऐकवली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि हसल्या.

“ही आपल्यातली न्हवं.”

“कशावरनं?”

“अरे, घाबरले म्हणतीया. पळत आले म्हणतीया. आपल्यातली बाई भ्यालो म्हणंल, पळत आलो म्हणंल. आणि एवढ्या रडण्यात बाई शुद्ध बोलंल व्हय?”

कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात म्हणून पुण्या-मुंबईचे लोक आम्हाला हसतात. शहरात शिकलेल्या, बाहेरून आलेल्या बायका ‘आले-गेले’ही म्हणतात, म्हणजे हा काही पुरावा नव्हे. पण संशयाला एवढं पुरेसं होतं. पाऊण तासानं राजारामपुरीतून फोन आला, ‘बघून आलो’. शाळा सुटत होती, पोरं घरी जात होती, तिथल्या कुणाला काही माहीत नव्हतं.

आता जरा अवघड भाग.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी चाचांचा पुतण्या दुकानात आला. त्याच्या मोबाइलवर एका स्टेटसचा स्क्रीनशॉट. दुसऱ्या समाजाच्या पोरीबाळींबद्दल घाण लिहिलेलं. ज्यानं ठेवलं होतं ते पोरगं माझं गिऱ्हाईक. सतरा वर्षांचं. त्याच्या डिस्प्लेचे आठशे रुपये माझ्याकडे उधार होते.

पुतण्या म्हणाला, “तुमच्याकडं आलोय, कारण गल्लीतल्या पोरांनी अजून बघितलं नाही. रात्री बघतील.”

पोलिसांना कळवायचं का, यावर आमच्यात आधीच वाद झाले होते. आमच्यात एक निवृत्त फौजदार काका आहेत. ते भिवंडीचं सांगतात: १९७० ला आणि १९८४ ला भिवंडी जळाली, मग तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सामान्य माणसं आणि हवालदार एकत्र बसवले, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. काकांचं म्हणणं, पोलीस आधीपासून ओळखीचे असतील तर कळवणं म्हणजे चुगली होत नाही. शेवटी आम्ही रेघ अशी आखली होती: कुणाला मारायची धमकी असेल, जमायची वेळ आणि जागा दिली असेल, तर ११२, तिथल्या तिथं. बाकीच्या वेळी आधी घर.

म्हणून वस्ताद आणि मी पोराच्या घरी गेलो. बाप गोकुळ शिरगावला सेकंड शिफ्टला, आई भाकरी थापत होती. पोरगं म्हणालं, “मी बनवलं न्हाई, आलेलं नुसतं ठेवलं.” आणि पटकन डिलीट करायला गेलं. मी त्याचा हात धरला. स्टेटस काढलं की ते कुणी बघितलं ती यादीही जाते. आधी यादी उघडली. त्रेचाळीस जण. वहीच्या मागच्या पानावर त्रेचाळीस नावं उतरवली, मग काढायला लावलं.

वस्ताद म्हणाले, “आता एकेकाला फोन लाव. स्पीकरवर. मी चुकलो, काढलंय, तू घेतलं असशील तर काढ, म्हण.”

पहिल्या चार-पाच फोनला पोरगं रुबाबात बोललं. एक मित्र हसला, एकानं शिवी दिली. अकरावा नंबर त्याच्या शाळेतल्या बाईंचा होता. ते विसरलंच होतं की बाईसुद्धा आपल्या यादीत आहेत. बाई काही रागावल्या नाहीत, “मी बघितलं रे, काय बोलावं कळेना,” एवढंच म्हणाल्या. पोराचा आवाज गेला. पुढचे दहा-बारा फोन त्याच्या आईनं केले, पिठाच्या हातानं, तोवर तवा खाली उतरवून. एकूण चार जणांनी स्क्रीनशॉट घेतले होते. चौघांनी काढले म्हणून सांगितलं. खरंच काढले का, हे कळायला मार्ग नाही.

चाचांचा पुतण्या बाहेर गाडीवर बसून होता. त्याला सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि गेला. त्याला ते पुरेसं वाटलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ज्या मुलींबद्दल ते लिहिलं होतं, त्यात कदाचित त्याची बहीण असेल, आणि आम्ही सगळी धावपळ केली ती पोराचं भवितव्य वाचवायला. पेठेत नंतर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. एक म्हणाले, हे पोलिसांचे खबरी. दुसरे म्हणाले, हे आपल्या पोरांना झाकणारे. दुसऱ्यांचं म्हणणं मला जास्त लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. त्यानंतर आम्ही एक बदल केला: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय ‘मिटलं’ म्हणायचं नाही. आणि त्याला तक्रार करायची असेल तर काका सोबत जाणार, आडवं कुणी येणार नाही.

१४ जुलै २०२४, रविवार. विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात जमावानं घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. व्हिडिओ दुपारपासून यायला लागले. आम्ही सवयीनं नंबर प्लेटा बघितल्या, पाट्या बघितल्या. सगळं आपल्याच जिल्ह्यातलं, आजचंच, खरं.

खऱ्या बातमीचं काय करायचं, हे आमच्या वहीत कुठेच नव्हतं. वर्षभर आम्ही ‘खोटं आहे’ म्हणायला शिकलो होतो. पॉलिटेक्निकवालं पोरगं मला म्हणालं, “दादा, ग्रुपवर काय टाकू?” मला सुचेना.

चाचांनी फोन केला. ते म्हणाले, “काही टाकू नका. आधी आमच्या घराघरात फोन करा.” आम्ही वही उघडली आणि तेच केलं. चाळीस जणांनी चार-चार घरं. ‘घरात सगळे आहेत ना? कुणी बाहेरगावी अडकलंय का? काही लागतंय का?’ एवढंच विचारायचं. एका घरातली सून बाळंतपणाला सीपीआरमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात होती आणि डबा घेऊन जायला कुणी धजेना. रिक्षावाला घेऊन गेला. दुसऱ्या घरी नुसताच कुणी रडलं. आमच्या एका माणसाला शिव्या बसल्या, “सकाळी कुठं होता?” तो म्हणाला, “खरं हाय तुमचं,” आणि फोन ठेवला नाही, ऐकत राहिला.

मोहरम तीन दिवसांवर होता. आमच्या तालमीत पिराचा पंजा बसलेला होता. कोल्हापुरात पुष्कळ तालमींत बसतो, गणपती बसतो तसाच. संध्याकाळी चाचा आले आणि वस्तादांशेजारी पंजासमोर बसले. मी मोबाइल मध्ये धरला. दोघांनी मिळून वीस-पंचवीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड केला. भाषण नाही. वस्ताद: “मी तालमीत बसलोय, चाचा शेजारी हायत.” चाचा: “जे झालं ते वाईट झालं. खोटं न्हाई ते. पण इथं कुणी काही करायचं न्हाई, आम्ही दोघं रात्रभर इथंच बसतोय. कुणाला काय बोलायचं असलं तर इथं या.” मागे उदाचा धूर आणि कुणीतरी खोकत होतं, तेही रेकॉर्ड झालं. पोरगं म्हणालं, नॉइज काढतो. मी म्हटलं, राहू दे. त्या खोकल्यावरून माणसं ओळखतील की आवाज तालमीतलाच आहे.

तो आवाज ग्रुपवर टाकला आणि ज्यांच्याकडे साधा फोन, त्यांना कॉल करून ऐकवला. रात्री तालमीत वीसेक माणसं येऊन बसून गेली. काही भांडायला आली होती, भांडली. एकदा आवाज इतका चढला की मी दारात जाऊन उभा राहिलो. पहाटे चारला चाचांना तिथंच डुलकी लागली. त्या आवाजामुळे पेठ शांत राहिली असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर पोलीसही होते, पाऊसही होता.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही टेस्ट कॉल करतो. वही उघडायची, पहिल्या नावाला फोन, मग त्यानं त्याच्या चौघांना. शेवटच्या माणसानं मला उलट फोन करायचा. पहिल्यांदा निरोप फिरायला दोन तास लागले होते. आता पंचवीस-तीस मिनिटं लागतात. पेन्सिलनं लिहिलंय सगळं, कारण नंबर बदलतात. दोन माणसं वारली, त्यांच्या नावावर रेघ मारायला माझा हात होत नाही, म्हणून नवी नावं समासात घुसवलीत.

गेल्या रविवारी कासार मावशींचा फोन लागेना. दुसरा नंबर नातवाचा, तोही बंद. मधल्या माणसानं मला कळवलं, ‘बघतोय’, आणि बारा मिनिटांनी परत फोन.

“बघून आलो. मावशी कणीक मळायला बसल्यात. मोबाइल तांदळाच्या डब्यात घातलाय.”

“का?”

“काल पावसात भिजला म्हणं. तूच सांगितलंयस न्हवं का, तांदळात ठेवू नका म्हणून?”

सांगितलं होतं. दहा वेळा सांगितलंय. संध्याकाळी त्या मोबाइल घेऊन आल्या, चार्जिंग पिनमध्ये तांदळाचा दाणा अडकलेला. चिमट्यानं काढला आणि वहीत त्यांच्या नावापुढे शेजारणीचा तिसरा नंबर लिहून घेतला.